८४ टक्के प्रवाळ पांढरं पडलं म्हणे. पण मोजलं कुणी?

२०२५ च्या एप्रिलमध्ये एक बातमी जगभर फिरली: जगातल्या ८४ टक्के प्रवाळभित्तींना ब्लीचिंगचा फटका. ती वाचून कुणाचा समज झाला की ८४ टक्के प्रवाळ मेलं, कुणाचा की ८४ टक्के पांढरं पडलं. त्या आकड्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. तो एवढंच सांगत होता की जानेवारी २०२३ पासून जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्रावरचं समुद्राचं पाणी इतकं तापलं, की तेवढ्या उष्णतेत प्रवाळ पांढरं पडू शकतं.

हे तापमान मोजलं उपग्रहांनी. पण त्यातलं किती प्रवाळ खरोखर पांढरं पडलं, किती मेलं आणि किती सावरलं, हे उपग्रहाला नीट कळत नाही. त्यासाठी कुणीतरी पाठीवर सिलिंडर बांधून, हातात मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊन पाण्यात उतरावं लागतं. बरं, उतरायचं तर जवळपास कुठेतरी उतरावं ना! पण हे शास्त्रज्ञ मुद्दाम वाकडी वाट करून अशा जागी जातात, जिथे पोचायला बोटीने दिवसच्या दिवस लागतात आणि पोचल्यावर चिटपाखरूही नसतं. (चुकलो. पाखरं असतात, आणि ती फार महत्त्वाची असतात. त्यांच्याकडे येऊच.)

आधी प्रवाळ म्हणजे काय ते

दिसायला झाड, हाताला दगड, पण प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव जेमतेम काही मिलिमीटरचा, नात्याने जेलीफिशचा चुलतभाऊ. तोंडाभोवती नाजूक सोंडांचं कडं आणि बुडाखाली स्वतःच बांधलेली चुनखडीची वाटी. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात, जुन्यांच्या सांगाड्यांवर नवे बसतात, आणि हजारो वर्षांत त्याची भिंत उभी राहते. तीच प्रवाळभित्ती. समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा या भित्तींनी व्यापलेला नाही, तरी समुद्रातल्या सुमारे पाव जीवजातींचं आयुष्य कधी ना कधी त्यांच्या आधाराने जातं.

या प्राण्याच्या पेशींमध्ये एक भाडेकरू राहतो: सूक्ष्म शैवाल. ते उन्हावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. हे भाडं एवढं घसघशीत, की काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज त्यावरच भागते. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा जास्त तापलं की शैवालाची यंत्रणा बिघडते आणि साखरेबरोबर पेशीला घातक रसायनंही तयार व्हायला लागतात. मग घरमालक भाडेकरूला बाहेर काढतो. प्रवाळाचं अंग पारदर्शक असल्याने आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. मराठी पुस्तकांतला शब्द विरंजन.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. पांढरं पडलेलं प्रवाळ जिवंत असतं, पण उपाशी असतं. काही आठवड्यांत पाणी निवलं तर भाडेकरू परत येतात आणि प्रवाळ तगतं. नाही निवलं तर ते मरतं, आणि मेल्यावर थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढतं. म्हणजे फोटोत भयंकर वाटणारं शुभ्र प्रवाळ बहुतेक वेळा अजून वाचू शकणारं असतं, आणि ज्याकडे आपलं लक्षही जात नाही ते भुरकट प्रवाळ कायमचं गेलेलं असतं. त्यामुळे एकदा जाऊन फोटो काढून भागत नाही. पाणी तापण्याआधी, तापलेलं असताना आणि त्यानंतर काही महिन्यांनी, अशा तिन्ही वेळांना त्याच जागी जावं लागतं.

उपग्रहाचा थर्मामीटर

ताप किती आहे एवढंच विचारून डॉक्टर थांबत नाहीत, किती दिवस आहे तेही विचारतात. प्रवाळाच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एका मापात बसवले आहेत, त्याचं नाव ‘डिग्री हीटिंग वीक’. आपण त्याला ताप-आठवडे म्हणू. एखाद्या जागी वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याचं जे सरासरी तापमान असतं, त्याच्या वर किमान एक अंश पाणी चढलं की मोजणी सुरू होते. एक अंश जास्त आणि एक आठवडा, म्हणजे एक ताप-आठवडा. दोन अंश जास्त आणि दोन आठवडे, म्हणजे चार. मागच्या बारा आठवड्यांची बेरीज धरतात. चारच्या पुढे लक्षणीय ब्लीचिंगची शक्यता, आठच्या पुढे मोठ्या प्रमाणावर मरण्याची. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या इशाऱ्यांत चढती पातळी दाखवलेली असते. २०२३ मध्ये समुद्र इतके तापले, की जुन्या पातळ्या अपुऱ्या पडल्या आणि त्यांच्यावर आणखी तीन जोडाव्या लागल्या.

पण उपग्रहाला दिसतो तो पाण्याचा वरचा पापुद्रा, आणि तोही पाच किलोमीटर बाय पाच किलोमीटरच्या चौकोनात. तेवढ्या चौकोनात भित्तीची लाटा झेलणारी बाहेरची बाजू येते आणि आतला उथळ, साचलेला तलावही. पंधरा मीटर खाली एखादा गार प्रवाह घुसत असेल, तर त्याचा वरून पत्ता लागत नाही. तशात एकाच खडकावर शेजारी शेजारी असलेल्या दोन जातींपैकी फांद्यांची जात आठवड्यात पांढरी पडते आणि गोल धोंड्यासारखी वाढणारी तग धरून राहते. ताप वरून मोजता येतो, रोगी कसा आहे ते बघायला मात्र खाटेपाशीच जावं लागतं.

जवळच्या भित्ती मोजा की, एवढं लांब कशाला?

रास्त प्रश्न आहे. खर्च, वेळ, इंधन, धोका, सगळंच लांबच्या प्रवासात वाढतं.

अडचण अशी, की किनाऱ्याजवळच्या भित्तीवर एकाच वेळी दहा गोष्टींचा मारा चालू असतो. सांडपाणी, नदीतून आलेला गाळ, बेसुमार मासेमारी, नांगरांचे घाव, आणि वर ही उष्णता. प्रवाळ मेलं तर खापर कुणावर फोडायचं? उत्तर हवं असेल तर एखादी अशी भित्ती लागते जिथे बाकी सगळं नाही, फक्त उष्णता आहे. दुर्गम भित्ती म्हणजे निसर्गाने आयती मांडून ठेवलेली तुलनेची जागा.

प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ जार्विस नावाचं निर्मनुष्य बेट आहे. मासेमारी नाही, सांडपाणी नाही. भोवतालची भित्ती माशांनी गजबजलेली. २०१५-१६ च्या एल निन्योत तिथलं ९५ टक्क्यांहून जास्त प्रवाळ मेलं. माणसाचा हात थेट न लागलेली जागासुद्धा उष्णतेपुढे टिकत नाही, हे जार्विसने दाखवून दिलं. तिथे कुणी पाण्यात उतरलंच नसतं, तर ही गोष्ट नकाशावरच्या एका लाल चौकोनापलीकडे गेली नसती.

आता ती पाखरं. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात काही बेटांवर उंदीर आहेत, जुन्या काळी जहाजांतून आलेले. काही बेटांवर ते कधी पोचलेच नाहीत. उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी आणि पिल्लं फस्त करतात. शास्त्रज्ञांनी सहा उंदीरवाली आणि सहा बिनउंदराची बेटं तुलनेला घेतली. २०१८ मध्ये आलेले निष्कर्ष बघा: उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट, आणि जमिनीत पडणारा नायट्रोजन २५१ पट. पक्षी खोल समुद्रात मासे खातात आणि बेटावर येऊन शिटतात. पावसाबरोबर ते खत भित्तीवर उतरतं. तिथलं शैवाल पोसतं, ते खाणारे मासे भराभर वाढतात. बिनउंदराच्या बेटांभोवती माशांचं एकूण वजन ४८ टक्के जास्त भरलं. बेटावरच्या उंदराचा पाण्याखालच्या माशाशी असा संबंध असेल, हे खुर्चीत बसून कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही. आणि ही तुलना जमली, कारण त्या बारा बेटांभोवती गोंधळ घालायला दुसरं फारसं काही नव्हतं.

दुर्गम जागेचा आणखी एक उपयोग. प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलेला समुद्र हाच ‘मूळचा’ समुद्र धरून चालते, आणि ऱ्हास मोजायची पट्टीच हळूहळू खाली सरकते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये या सरकत्या पट्टीवर बोट ठेवलं. भरलेली भित्ती कशी असते हे बघायला आज दूरच जावं लागतं.

पाण्याखाली मोजतात कसं?

ऐकायला साधं आहे. दोघं जण खाली उतरतात. एक जण पुढे पोहत मासे मोजतो आणि मागे ५० मीटरची टेप उलगडत जातो. टेप आधी टाकली तर मासे बिचकतात, म्हणून मासे आधी. दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यात जे येईल तेवढंच धरायचं: जात, संख्या, लांबी. लांबी अंदाजाने, आणि पाण्याखाली वस्तू साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. म्हणून मोहिमेच्या सुरुवातीला ठाऊक लांबीचे प्लॅस्टिकचे नळकांडे पाण्यात टांगून डोळ्यांचा सराव करतात. पंचवीस सेंटिमीटरचा मासा पंचवीसचाच दिसायला लागेपर्यंत.

मागून येणारा प्रवाळ बघतो. टेपवरच्या ठरलेल्या प्रत्येक खुणेखाली नेमकं काय आहे ते लिहायचं: जिवंत फांदी, पांढरी फांदी, मेलेला सांगाडा, वाळू, शेवाळ. लिहायला पाण्यात न विरघळणारा प्लॅस्टिकसारखा कागद आणि साधी शिसपेन्सिल. पेन्सिल दोरीने पाटीला बांधलेली, कारण सुटली की ती वर तरंगत निघून जाते आणि तिच्यामागे धावता येत नाही. (का नाही, ते पुढे येईल.) जातींची नावं तीन-चार अक्षरी खुणांत. लाटेबरोबर शरीर मागे-पुढे झुलत असतं, मास्कमध्ये थोडं पाणी शिरलेलं असतं, आणि खाली हात टेकवायचा नाही, कारण हाताखाली तेच असतं जे मोजायला आलो. असं अक्षर लिहिणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी, कितीही झोप आली तरी, सगळं कंप्युटरवर चढवायचा दंडक असतो.

शार्क मोजणं तर वेगळंच प्रकरण आहे. प्रशांत महासागरातल्या किंगमन रीफ या निर्जन जागी २००५ मध्ये गेलेल्या मोहिमेत माशांच्या एकूण वजनापैकी ८५ टक्के वजन शार्कसारख्या शिकाऱ्यांचं भरलं. खाणारे जास्त आणि खाल्ले जाणारे कमी! जगभर चर्चा झाली. मग शंका निघाली. शार्क कुतूहलाने माणसाभोवती घिरट्या घालतो. धावत्या पोरांची मोजदाद करताना एकच पोर वळसा घालून पुन्हा समोर यावं, तसा तोच शार्क तीनदा मोजला जातो. शेजारच्या पाल्मायरा कंकणद्वीपावर (मध्ये तलाव आणि भोवती प्रवाळाचं कडं, असं बेट) शार्कना खुणेच्या पट्ट्या लावून संख्या काढली, तेव्हा ती डायव्हरांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी निघाली. शास्त्रज्ञ चुकतात यापेक्षा मला यात जास्त रस वाटतो, की मोजण्याची चूक पकडायलाही पुन्हा तिथेच जावं लागलं.

भूतकाळ मोजायचा असेल तर गोल, धोंड्यासारख्या प्रवाळाला बारीक ड्रिल मारून दांडी काढतात आणि भोक सिमेंटने बुजवतात, म्हणजे प्रवाळ त्यावरून पुन्हा वाढतं. दांडीच्या एक्स-रेमध्ये झाडाच्या खोडासारखे पट्टे दिसतात. हे पट्टे दर वर्षाचेच, हे पक्कं कसं झालं त्याची कथा विलक्षण आहे. प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक कंकणद्वीपावर अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात अणुचाचण्या केल्या. त्यांचे किरणोत्सर्गी अंश तिथल्या प्रवाळाच्या सांगाड्यात अडकले. स्फोटांची सालं ठाऊकच होती. १९७२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या खुणांशी पट्टे ताडून पाहिले, आणि हिशेब जुळला: वर्षाला एक जोडी. अशाच दांड्यांच्या आधारे २०२४ मध्ये सांगता आलं, की ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्राचं त्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं तापमान गेल्या ४०० वर्षांत सर्वाधिक होतं. चारशे वर्षांपूर्वी तिथे कुणाकडे थर्मामीटर नव्हता, पण प्रवाळ नोंद ठेवत होतं.

धोका शार्कचा की आणखी कशाचा?

शार्कचा फारसा नाही. खरा धोका हवेतल्या नायट्रोजनचा.

डायव्हरच्या पाठीवर ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ असतो असं सर्रास लिहिलं जातं. बहुतेक वेळा त्यात साधी हवाच असते, दाबून भरलेली. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, आणि त्या दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. सोड्याची बाटली आठवा. झाकण हळूच उघडलं तर वायू शांतपणे निघून जातो, झटक्यात उघडलं तर फेस उसळतो. डायव्हर भरकन वर आला तर हाच फेस त्याच्या सांध्यांत, मज्जारज्जूत होऊ शकतो. पेन्सिलीमागे धावायचं नाही ते यासाठी. साध्या हवेवर १८ मीटरला जेमतेम तासभर थांबता येतं, आणि वर येताना पाच मीटरवर तीनेक मिनिटं टांगून राहायचं. दिवसात दुसरी, तिसरी बुडी मारायची तर ही मुदत आणखी कमी होते.

फेस झालाच, तर उपचार म्हणजे रोग्याला पुन्हा दाबाखाली ठेवणारी बंद खोली. ती शहरातल्या मोठ्या इस्पितळात असते, आणि इथून शहर हजार किलोमीटरवर. विमानाने न्यावं तर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणजे फेस आणखी वाढणार. म्हणूनच दुर्गम जागी, किती खोलीवर किती वेळ थांबावं हे सांगणाऱ्या तक्त्याने परवानगी दिलेल्या वेळेपेक्षाही कमी वेळ खाली राहतात, आणि शेवटच्या बुडीनंतर १८ ते २४ तास विमानात बसत नाहीत. प्रवाळाच्या ओरखड्यासारखी किरकोळ जखमही तिथे किरकोळ राहत नाही, दमट हवेत ती चिघळते.

आणखी एक धोका उलट दिशेचा: माणसाकडून भित्तीला. हवाईच्या वायव्येकडच्या संरक्षित बेटांवर उतरताना कपडे कोरे किंवा फक्त त्याच बेटासाठी राखून ठेवलेले लागतात, आणि तेही ४८ तास फ्रीजरमध्ये गोठवलेले, म्हणजे शिवणीत एखादं बी किंवा मुंगी असली तर मरावी. त्याच पट्ट्यात पर्ल अँड हर्मीस कंकणद्वीपावर २०१६ मध्ये एक शैवाल दिसलं, जे प्रवाळावर गालिच्यासारखं पसरून त्याला गुदमरवतं. ते दुसरीकडे जाऊ नये म्हणून डायव्हिंगचं सामान ब्लीचमध्ये बुडवून काढतात. ब्लीचिंग बघायला जायचं आणि ब्लीचची बाटली सोबत न्यायची.

मग यंत्रंच का पाठवत नाहीत?

पाठवतात. आमिष लावलेले कॅमेरे तळाशी सोडून ५८ देशांतल्या ३७१ भित्तींवर शार्क शोधले गेले. २०२० मध्ये निष्कर्ष आला, की जवळजवळ २० टक्के भित्तींवर शार्क नसल्यात जमा आहेत. कॅमेऱ्याने त्या घिरट्यांचा प्रश्नही सोडवला: एका क्षणी एका चौकटीत जास्तीत जास्त किती दिसले, तोच आकडा धरायचा. पाण्याखालचे मायक्रोफोन भित्तीचा आवाज टिपतात. निरोगी भित्ती चक्क तडतडते, चिमुकल्या कोळंब्यांच्या नांग्यांनी. हजारो फोटो जोडून भित्तीचा त्रिमिती नकाशा करता येतो, आणि त्यातली प्रवाळं ओळखायला संगणकही मदतीला येतो.

पण कॅमेरा सोडायला आणि उचलायला बोट लागते. वर्षभर तापमान नोंदणारी अंगठ्याएवढी डबी खडकाला बांधावी लागते आणि वर्षाने तिच्यावरचं शेवाळ खरवडून शोधावी लागते. यंत्रांनी माणसाची पाण्याखालची मिनिटं वाचवली आहेत, फेरी वाचवलेली नाही.

बाहेरचे येऊन मोजून जातात, त्याचं काय?

हा आक्षेप खरा आहे. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये प्रत्यक्ष जाऊन केलेल्या प्रवाळ-संशोधनाच्या पन्नास वर्षांतल्या निबंधांची छाननी झाली. ४० टक्के निबंधांत त्या देशाचा एकही शास्त्रज्ञ नव्हता. जणू पॅराशूटने उतरायचं, नमुने गोळा करायचे, निघून जायचं. बेट निर्मनुष्य असलं तरी ते कुठल्या तरी देशाचं असतं, आणि पुढची वीस वर्षं तिथे लक्ष ठेवणार ते त्या देशाचेच लोक. परवान्यांचे नियम आता अनेक ठिकाणी कडक होत आहेत. संशोधक त्याबद्दल कुरकुरतात, पण मला ते नियम योग्यच वाटतात.

मोजून प्रवाळ वाचतं का?

नुसतं मोजून नाही. समुद्र तापण्याचं कारण जमिनीवर जळणारं इंधन आहे, आणि ते टेप लावून थांबत नाही. पण काय करून उपयोग आहे आणि काय करून नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. पाल्मायरावरचे उंदीर २०११ मध्ये संपवले गेले. चागोसच्या आकड्यांनंतर अशा मोहिमांना एक नवं कारण मिळालं: उंदीर काढले की भित्तीलाही खत मिळतं. प्रशांत महासागरातल्याच किरिटिमाटी बेटावर २०१५-१६ च्या उष्णतेत बहुतेक प्रवाळ गेलं, पण खुणा करून ठेवलेल्या काही वसाहती पाणी तापलेलं असतानाच सावरल्या. त्यांनी उष्णता सोसणारा नवा भाडेकरू ठेवला होता. आणि हे घडलं ते वस्तीच्या उपद्रवापासून लांबच्या भागांतच.

वायव्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून अडीचशेहून जास्त किलोमीटरवरच्या स्कॉट रीफची नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. १९९८ च्या उष्णतेने तिथलं प्रवाळ-आच्छादन, म्हणजे तळाचा जिवंत प्रवाळाने झाकलेला भाग, ९ टक्क्यांवर आला. भित्ती एकटी पडलेली, म्हणजे बाहेरून पिल्लं वाहत येण्याची फारशी आशा नाही. सहा वर्षं नव्या पिल्लांचा पुरवठा ९४ टक्क्यांनी घटलेला. ही भित्ती गेली, असंच त्या काळच्या समजुतीप्रमाणे कुणीही म्हटलं असतं. पण पाणी स्वच्छ होतं आणि शेवाळ खाणारे मासे शाबूत होते. उरलेले तुकडेच वाढले, वयात आले, आणि मग त्यांची स्वतःची पिल्लं खडकांवर बसायला लागली. बारा वर्षांत आच्छादन ४४ टक्क्यांवर पोचलं.

२०१६ मध्ये तिथे पुन्हा उष्णतेची लाट आली आणि बहुतेक प्रवाळ पुन्हा मेलं. डायव्हर परत त्याच भित्तीवर उतरले आणि टेप लावून शिल्लक मोजायला लागले.